गोरजाच्या गारा

वैशाखाचे ऊन त्या दिवशी पिवळे नव्हते, पांढरे होते. अस्थिशुभ्र, निर्दय, निरलंकार. बालाघाटाच्या उघड्याबोडक्या डोंगरांवरून ते उतरत होते, आणि जिथे जिथे ते उतरत होते तिथे तिथे काळी जमीन उललेल्या ओठांसारखी फाटत होती. बाभळीच्या शेंगा वाळून वाजत होत्या. विहिरींचे तळ आंधळ्या डोळ्यांसारखे वर पाहत होते. दिशा तापल्या होत्या, दगड तापले होते, दूर कुठे हंबरणाऱ्या गाईचा आवाजदेखील तापला होता.

आणि या भाजलेल्या भूमीच्या मधोमध, कर्णखेडच्या आटलेल्या तलावाच्या पोटात, एक हिरवेगार, ओलेचिंब, सुगंधी असत्य अंथरले होते.

तो लग्नाचा मांडव होता.

मांडव कसला, नगरीच ती. कमानीमागून कमानी, झुंबरांमागून झुंबरे. थर्माकोलचे हत्ती, प्लायवूडचे बुरूज, आणि वर ताणलेल्या निळ्या कापडाला टांगलेली विजेची नक्षत्रे. खरे आकाश त्याच्याही वर उभे होते. पण ते यजमानांच्या पसंतीस उतरले नव्हते. म्हणून त्याच्याखाली दुसरे शिवून घेतले होते.

यजमान होते भगवंतराव रणखांब. साखर कारखान्याचे अध्यक्ष, खडीच्या खाणींचे धनी, अवघ्या तालुक्याचे आबासाहेब. ज्या डोंगराच्या कुशीत हा तलाव होता, तो डोंगर त्यांच्याच यंत्रांनी वर्षानुवर्षे खरवडला होता. आधी झाडे गेली, मग मुरूम गेला, मग दगड गेला. उरला तो डोंगराचा सांगाडा. पाणी धरून ठेवील असे एक मूळ, एक गवताची काडी त्याच्या अंगावर राहिली नाही. सुटी झालेली माती वाहून तलावात बसली, तलाव उथळ झाला. मग पावसाळे कोरडे गेले आणि तलाव आटला. तलाव आटला म्हणून एवढी सपाट, एवढी ऐसपैस जागा आयती मोकळी झाली. लेकीच्या लग्नासाठी जागा शोधणाऱ्या भगवंतरावांना यात ईश्वराची कृपा दिसली.

भेगांत मुरूम भरला गेला. रोलर फिरला. वर विकतच्या हिरवळीचे गालिचे अंथरले गेले, आणि त्या गालिच्यांवर टँकरमागून टँकर रिते होऊ लागले. तलावाच्या दगडी भिंतीवर गावातल्या बायका कोरड्या घागरी घेऊन उभ्या होत्या आणि गवताला पाणी पिताना पाहत होत्या. पाहायला मनाई नव्हती.

सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा आला होता: विजा, वादळी वारा, गारपीट. कुणीतरी तो वाचून दाखवला तेव्हा भगवंतराव हसले. हवामान खात्याला आपण पत्रिका धाडली नव्हती, असे ते म्हणाले. भोवतीचे सगळे हसले. ज्यांना हसायला उशीर झाला ते जरा जास्त मोठ्याने हसले.

आत, वधूच्या कक्षात, वैजयंता आरशासमोर बसली होती.

भगवंतरावांची ही एकुलती एक मुलगी. सावळी, उंच, भुवयांची कमान किंचित वर चढलेली. त्या चढलेल्या कमानीतून ती जगाकडे पाहत असे आणि जग तिला नेहमी थोडे खालीच दिसत असे. तिला आबांच्या कमानी तुच्छ वाटत होत्या. कमानींखालून वाकून येणारे पाहुणे तुच्छ वाटत होते. आपल्या अंगावरचा जरतारी शालू, त्यावरचा भरजरी शेला, गळ्यातल्या सोन्याच्या पदरांवर पदर, सारे तिला एखाद्या मिरवणुकीच्या बैलाचे साज वाटत होते. तिरस्कार हा तिचा एकच स्वतःचा दागिना होता. बाकी सगळे आबांनी घडवून आणलेले.

पण तोही दागिनाच होता. शोभेच्या तलवारीसारखा: मूठ रत्नजडित, पाते म्यानातून कधीच बाहेर न आलेले. बोलायची वेळ येई तेव्हा ती भुवई उंचावी आणि गप्प राही. मान डोलवायची वेळ येई तेव्हा भुवई उंचावून मान डोलवी. स्थळामागून स्थळे आली. तिने सगळ्यांकडे एकाच नजरेने पाहिले. सगळे सारखेच, मग हा काय आणि तो काय, असे तिने ठरवून टाकले होते, आणि त्या ठरवण्याला ती स्वाभिमान समजत होती.

म्हणून यशोधन आला तेव्हा ती ‘असू द्या’ म्हणाली.

यशोधन पश्चिमेकडल्या एका दूधसंघाच्या अध्यक्षांचा मुलगा. गोरापान, गुळगुळीत, गुलाबगंधी. साखर आणि दूध एकत्र आले की येत्या निवडणुकीत काय काय गोड होणार, याची गणिते दोन्ही घरांत मांडून झाली होती. यशोधन नम्र होता, असे सगळे म्हणत. थोरांच्या पायांपाशी तो भराभर वाके. वाकण्याची त्याला चांगली सवय होती. कुणापुढे वाकायचे याची त्याहून चांगली.

काकू तिच्या मनगटांत हिरवा चुडा भरीत होत्या. रत्नमालाकाकूंनीच तिला वाढवले होते. आई ती शाळेत असतानाच गेली होती. काकू काहीतरी मंगल, काहीतरी मऊ पुटपुटत होत्या, आणि वैजयंता न ऐकता ऐकत होती. तेवढ्यात बाहेरून सनई आली.

केरबाची सनई. कर्णखेडचा म्हातारा केरबा, चाळीस कोसांच्या टापूतल्या लग्नांतून ज्याचा श्वास पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला होता. पाहुण्यांसाठी पुण्याहून वाद्यवृंद आणला होता. केरबाला शास्त्रापुरते, रिवाजापुरते, कोपऱ्यापुरते बोलावले होते. तो व्यासपीठाच्या कडेला आहेराच्या टेबलाशेजारी बसून वाजवीत होता. सूर निर्मळ होता, निर्हेतुक होता. त्याला कुणाची मर्जी नको होती. वैजयंताने सवयीने त्याही सुराला हिणवून पाहिले. हिणवता आले नाही. त्या अख्ख्या नगरीत तेवढी एकच गोष्ट तिच्या भुवईच्या वर राहिली.

दुपार कलली.

पूर्वेच्या समुद्रावरून निघालेला ओला वारा या तापल्या पठारावर येऊन पोचला. पठाराच्या भट्टीने त्याला उचलले आणि वर फेकले. वर, आणखी वर, जिथे घारीही जात नाहीत, जिथे वैशाखातही हिमाचे राज्य असते, तिथे एक थेंब गोठला. गोठून पडू लागला. खालून येणाऱ्या उष्ण उच्छ्वासाने पुन्हा वर उधळला. एक थर चढला. पुन्हा पतन, पुन्हा उड्डाण, पुन्हा एक थर. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हिमाचे पापुद्रे चढत गेले. जितकी धरणी तापलेली तितका उच्छ्वास बळाचा. जितका उच्छ्वास बळाचा तितकी गार थोर. उघड्या डोंगरांनी, बोडक्या माळांनी, सावलीवाचून पडलेल्या काळ्या रानांनी सारी दुपार ती भट्टी फुंकली होती.

ईशान्येला मेघ उभा राहिला. पायथा काजळाचा, माथा ऐरणीसारखा पसरलेला, पोटात हिरवट काळिमा. तो घाई करीत नव्हता. त्याच्या अंतरंगात अबोल विजा इकडून तिकडे सरकत होत्या. भिंतीवरच्या बायकांनी त्याच्याकडे पाहिले, आणि डोक्यावर पदर ओढून घेतले. निळ्या कापडाखाली बसलेल्यांना तो दिसला नाही. त्यांच्या आकाशात सगळी नक्षत्रे जागच्या जागी होती.

गोरज मुहूर्त आला.

वैजयंता पाटावर उभी राहिली. समोर अंतरपाट, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक. पलीकडच्या पाटावर यशोधनच्या मोजड्यांची जरीची टोके दिसत होती. मागे मामा, बाजूला काकू, पुढे माणसांचा फेटे ल्यालेला, फुलारलेला, घामेजलेला समुद्र. मंगलाष्टके सुरू झाली. कडव्यामागून कडवे, अक्षतांमागून अक्षता, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो शब्द: सावधान.

किती लग्नांतून तिने तो ऐकला होता. शुभमंगल सावधान. इतक्या लाखो कंठांतून तो शब्द इतका गुळगुळीत झाला होता की त्यात अर्थ म्हणून काही उरलाच नव्हता. भटजी म्हणत होते सावधान, आणि लोक पापडाचा वास घेत होते. भटजी म्हणत होते सावधान, आणि भगवंतराव पुढच्या रांगेतली माणसे न्याहाळत होते. भटजी म्हणत होते सावधान, आणि यशोधनची मोजडी ताल धरीत होती. फक्त कोपऱ्यातला केरबा सनई ओठांशी धरून शेवटच्या सावधानची वाट पाहत होता.

वारा पडला. पार पडला. झुंबरांचे लोलक थांबले.

मग निळे कापड फाटल्याचा एक लहानसा आवाज झाला, आणि वैजयंताच्या पायाशी, अक्षतांच्या तांदळांत, काहीतरी येऊन पडले. आवळ्याएवढे, पांढरे, धुरकट. त्यातून बारीक वाफ निघत होती. तिने खाली पाहिले. आणखी एक पडले. मग एक अंतरपाटावरच्या स्वस्तिकात घुसले आणि कापड लवले.

मग आकाशाने आपल्या अक्षता टाकल्या.

मुठीने नव्हे, पोत्याने. निळे आकाश चिंध्या होऊन लोंबू लागले आणि त्याच्या मागचे काळे आकाश आत शिरले. नक्षत्रे तडातड फुटली. वाऱ्याने कमानी उचलल्या, थर्माकोलचे हत्ती खरोखरीचे उधळले, प्लायवूडचे बुरूज पत्त्यांसारखे पसरले. लिंबाएवढ्या, अंड्याएवढ्या, दगडाहून कठीण गारा फेट्यांवर पडत होत्या, केसांतल्या गजऱ्यांवर पडत होत्या, पंचपक्वान्नांच्या कढयांत पडत होत्या. माणसे मान खाली घालून सैरावैरा धावत होती. ज्यांना पुढच्या रांगेत बसवण्यासाठी आठवडाभर चर्चा झाली होती, ते खुर्च्या डोक्यावर घेऊन सर्वांत आधी पळाले.

अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला.

तो असा दूर झाला. न मुहूर्तावर, न वाद्यांच्या गजरात. आणि ज्या क्षणी वधूने वराला पाहायचे असते, त्या क्षणी वैजयंताने यशोधनला पाहिले.

मुंडावळ्यांच्या मोत्यांमागे त्याचे डोळे सैरभैर फिरत होते. ते तिच्यावरून गेले, जसे खांबावरून जातात, खुर्चीवरून जातात, थांबले नाहीत. ते आहेराच्या टेबलावर जाऊन थांबले. भक्कम, सागवानी, जमिनीपर्यंत लोळणाऱ्या मखमलीचे टेबल. पाटावरून उडी टाकून तो तिकडे धावला आणि मखमल उचलली.

खाली केरबा होता. गुडघे पोटाशी, सनई गुडघ्यांशी, म्हातारे अंग घडी घालून ठेवल्यासारखे.

यशोधनने पाय उचलला. जरीची मोजडी केरबाच्या खांद्यावर टेकवली, आणि बंद दार लोटावे तसे त्याला बाहेर लोटले. रागाने नव्हे. द्वेषाने नव्हे. तेवढेही मोल त्याने त्या खांद्याला दिले नाही. मग तो आत शिरला आणि मखमल पुन्हा नीट सोडून घेतली.

केरबा गारांत पडला. उठू लागला, तोच कपाळावर एक बसली. रक्त आले, आणि पांढऱ्या गारांवर ते फार लाल दिसले.

म्यानातले पाते बाहेर आले ते त्या क्षणी. त्याला आवाज झाला नाही. वैजयंताने भुवई उंचावली नाही. वाकून तिने पायाखालचा पाट उचलला. कुंकवाची बोटे उमटलेला, फुलांनी कडा मढवलेला, तिने उभे राहायचा तो शिसवी पाट. तो डोक्यावर धरून ती धावली. शालूचा घोळ पायात आला तसा तिने तो फाडला. केरबापाशी गुडघे टेकून तिने एका हाताने त्याचे डोके छातीशी घेतले आणि दुसऱ्या हाताने पाट वर तोलून धरला.

पाटावर गारा वाजू लागल्या. एखाद्या विशाल, विवाहविध्वंसी चौघड्यासारख्या. पाटाच्या कडेला आवळलेल्या बोटांवर गारा पडत होत्या, नखे काळीनिळी होत होती. मनगटातला चुडा फुटत होता, बांगडीमागून बांगडी, हिरवी किणकिण करीत. काचा मनगटात रुतत होत्या. तिने पाट हलू दिला नाही. आयुष्यात प्रथमच ती काहीतरी धरून होती.

मखमलीच्या फटीतून दोन मोजड्या दिसत होत्या. कोरड्या, झगमगत्या, शेजारी शेजारी जुळवून ठेवलेल्या. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, गारा थांबेपर्यंत.

गारा थांबल्या, आणि पाणी आले.

डोंगराने पाऊस क्षणभरही धरला नाही. धरायला त्याच्याजवळ काही उरलेच नव्हते. पडले तेवढे पाणी, वितळले तेवढे हिम, खाणींच्या पांढऱ्या जखमांतून, खडीच्या ढिगांतून, गढूळ गर्जना करीत जुन्या वाटेने जुन्या घरी निघाले. तलावाने आपले पोट ओळखले. विकतच्या हिरवळीचे गालिचे आधी फुगले, मग सुटले, मग गुंडाळले जाऊन तरंगू लागले.

भगवंतराव व्यासपीठावर उभे होते. बंद पडलेला माईक तोंडाशी धरून ते सगळ्यांना बसून घ्यायला सांगत होते. दोन मिनिटांत थांबेल म्हणत होते. पाणी त्यांच्या घोट्यांशी आले. त्यांनी पाण्याकडे पाहिले ते असे, की जणू एखादा कारकून न विचारता आत आला असावा. मग त्यांचा एक जोडा वाहत गेला, आणि ड्रायव्हरने त्यांना पाठुंगळीस घेतले.

भिंतीवरच्या बायकांनी घागरी बाजूला ठेवल्या होत्या. लुगड्यांना गाठी मारून त्यांनी दोर सोडले होते आणि येईल त्याला वर ओढीत होत्या. कोण कुठल्या रांगेतला, हे त्यांनी विचारले नाही. फाटक्या चोळीची एक बाई खाली उतरून आली, तिने केरबाचा एक हात खांद्यावर घेतला, वैजयंताने दुसरा. दोघी तो भार घेऊन दगडी पायऱ्या चढल्या.

वर मारुतीचे देऊळ होते. त्याच्या सभामंडपात वऱ्हाड दाटीवाटीने उभे राहिले. कुणाचे डोके फुटले होते, कुणाचा हात मोडला होता. जीव कुणाचा गेला नव्हता. हे कळताच आवाज वाढले. ज्याच्या त्याच्या तोंडी आपापली गाडी होती.

वैजयंताने कठड्यावरून गावाकडे पाहिले. गावातल्या पत्र्यांची चाळण झाली होती. कडुलिंबाखाली पोपटांचा हिरवा सडा पडला होता. दावणीला बांधलेल्या शेळ्या दावणीलाच आडव्या झाल्या होत्या आणि एक म्हातारी त्यांना एकेकीला हलवून पाहत होती. गारांनी माणूस पाहून मारले असते तर कुणाला बरे वाटले असते. पण गारांना न्याय कळत नाही. झुंबरांवर जेवढ्या पडल्या तेवढ्याच त्या छपरांवर पडल्या, आणि झुंबरे तर भाड्याची होती.

सभामंडपात मात्र वेगळीच लगबग सुरू झाली होती. भटजींनी ओले पंचांग उघडून अंधार पडण्याआधीचा एक लहानसा मुहूर्त शोधून काढला होता. कुणी कोरडी शेरवानी आणली, कुणी समई पेटवली. यशोधनने नवा फेटा मागितला. जुना जरा भिजला होता. वैजयंताच्या फुटलेल्या चुड्याकडे पाहून काकूंना रडू आवरेना. अपशकुन झाला, नव्या बांगड्या आणा, असे त्या म्हणत होत्या. रक्त त्यांना नंतर दिसले.

केरबा देवळाच्या ओट्यावर पडला होता. वैजयंताने शेला फाडून त्याचे कपाळ बांधले होते. त्याचा खांदा निखळला होता, आणि तो मधूनमधून शुद्धीत येत होता, मधूनमधून जात होता. त्याला दवाखान्यात न्यायला हवे, असे तिने दोन-तीन जणांना सांगितले. लग्न लागले की लगेच नेऊ, असे दोघा-तिघांनी सांगितले.

मग तिला पाटाशी बोलावले. दुसरा पाट कुठूनसा आणला होता. यशोधन समोर उभा होता, कोरडा, नवा, गुलाबगंधी. तिने त्याच्याकडे नीट पाहिले.

“टेबलाखाली कोण होतं?” तिने विचारले.

त्याला प्रश्न कळला नाही. कुठले टेबल, असे त्याने विचारले. तिने सांगितले. तो आठवू लागला. मनापासून आठवू लागला, हे सगळ्यांना दिसत होते. त्याच्या कपाळावर एक निरागस आठी आली.

“असेल कुणीतरी,” तो म्हणाला. “वाजंत्र्यांपैकी. का?”

कुणीतरी.

तो शब्द तिने आत घेतला आणि त्याची चव पाहिली. तिला वाटले होते की तो खोटे बोलेल. खोटे बोलला असता तर लाज तरी होती म्हणायचे. पण तिथे लाजेला उभे राहायला जागाच नव्हती. सगळे कसे स्वच्छ, सारवलेले, रिकामे. आणि याच्याच शेजारी, एका कंटाळलेल्या ‘असू द्या’च्या बळावर, ती जन्मभर उभी राहणार होती. सगळे सारखेच, असे म्हणत. त्या वाक्यात किती आळस होता, हे तिला कळले आणि स्वतःचीही शिसारी आली.

ती भटजींकडे वळली.

“हे लग्न होणार नाही. पंचांग वाळत घाला.”

पन्हाळीतून वितळत्या गारांचे पाणी तेवढे टिपटिपत होते. यशोधनने वडिलांच्या कानात काहीतरी सांगितले. हिला धक्का बसलाय, एखादा डॉक्टर बोलवा, असे ते होते. मग त्याने मनगटावरच्या घड्याळात पाणी गेले की काय ते पाहिले.

भगवंतराव पुढे आले. एका पायात जोडा, एका पायात चिखल.

“खाली बैस,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, ज्या आवाजाने डोंगर हलले होते. “पाऊस थांबलाय. लग्न लागेल.”

“पाऊस तुम्ही थांबवलेला नाही, आबा. तो थांबला.”

भगवंतरावांनी सगळे करून पाहिले. आधी दरडावले, मग समजावले. साखर काढली, दूध काढले, निवडणूक काढली. शेवटी तिला तिच्या गेलेल्या आईची शपथ घातली. त्या माउलीचे जिवंतपणी एकही म्हणणे त्यांनी ऐकले नव्हते. वैजयंता ऐकत उभी राहिली. तिने त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर भगवंतरावांना पेलला असता. त्यांनी मान वळवली आणि कुणालातरी उगाचच समईची वात पुढे करायला सांगितली.

तिने कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या. फेकल्या नाहीत, काकूंच्या ओंजळीत ठेवल्या आणि काकूंच्या डोक्यावरून हात फिरवला.

मोटारी सगळ्या तलावात होत्या. छपरांपुरत्या, चकचकीत, कासवांच्या पाठींसारख्या. गावात एकच ट्रॅक्टर धड होता. त्याच्या ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या टाकून फाटक्या चोळीच्या बाईने आणि वैजयंताने केरबाला निजवले. ती त्याच्या उशाशी बसली, डोके मांडीवर घेतले. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने मागे वळून विचारले की बाईसाहेब, तुम्ही पण? तिने मान हलवली. वऱ्हाडातले कुणी निरोप द्यायला आले नाही. तसे कुणी आले असते तर काय म्हणाले असते, तेही तिला ठाऊक होते.

रस्त्याच्या वळणावर केरबाला शुद्ध आली. त्याने हाताने आजूबाजूला चाचपले.

“सनई?”

“गेली,” ती म्हणाली. “पाण्यात.”

त्याचे ओठ नुसतेच हलले, जसे वाजवण्याआधी हलत.

“लगीन लागलं का, बाईसाब?”

“नाही.”

“माझ्यापायी?”

“तुमच्यापायी? तुम्ही कोण लागून गेलात एवढे?”

तिच्या त्या जुन्या, चढेल, रणखांबी सुरात ते शब्द आले. पण बोटे त्याच्या कपाळावरची पट्टी जपून सारखी करीत होती, आणि केरबाला सुरांतले कळत होते. तो हसला. हसताना खांदा दुखला, म्हणून कण्हला, आणि कण्हता कण्हता पुन्हा हसला.

पश्चिमेला मेघाखालून बुडालेल्या सूर्याचा उजेड एकदाच डोकावला. सारे रान पांढरे झाले होते. ज्या मातीने जन्मात हिम पाहिले नव्हते, तिच्यावर गारांचा थर पसरला होता, आणि दिवसभर तापलेली ती काळी माती त्या थराखालून श्वास सोडीत होती. जागोजाग वाफ उठत होती, तांबूस, संथ, निःशब्द. बांध दिसत नव्हते, कुंपणे दिसत नव्हती. कुणाचे रान कुठे संपते आणि कुणाचे कुठे लागते, ते काही दिसत नव्हते. गारा चाकांखाली करकरत होत्या. त्या शुभ्र, वाफाळत्या, सीमाहीन रानातून ट्रॅक्टर चालला होता, आणि मागे दोन ओल्या काळ्या रेघा उमटत चालल्या होत्या. लांब, आणखी लांब, धुक्यात विरेपर्यंत लांब.